पुढच्या दांड्याची वंशावळ

सगळा घोळ माझ्या "आहे की" या दोन शब्दांनी केला.

फेब्रुवारीत आमच्या वाचनालयाची वार्षिक तपासणी झाली. हिवरखडीचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, अकरा हजार पुस्तकं, चार वर्तमानपत्रं आणि एक पंखा. मी या संस्थेचा मानद कार्यवाह आहे. मानद म्हणजे कामं सगळी करायची आणि पाहुण्यांचा चहा आपल्या घरून आणायचा. तपासणीच्या साहेबांनी तो चहा घेतला, रजिस्टरं पाहिली आणि जाता जाता जिन्यात थांबून विचारलं, "स्थानिक इतिहास, वंशावळी असं काही ठेवलंय का? हल्ली लोक फार विचारतात."

मी म्हणालो, "आहे की."

"छान. मे महिन्यात येईन तेव्हा बघतो," असं म्हणून साहेब गेले. माझ्या शेजारी ग्रंथपाल प्रियदर्शनीबाई उभ्या होत्या. बाईंचं माहेर साताऱ्याचं, सासर आमच्या गावातलं, आणि अकरा वर्षं हे वाचनालय खरं म्हणजे त्याच चालवतात. कुणी खोटं बोललं की त्या काही म्हणत नाहीत, फक्त चष्मा पुसतात. त्या दिवशी त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला.

तर विभाग काढणं भाग होतं. आम्ही एक लोखंडी कपाट रिकामं केलं, त्यातले दिवाळी अंक माळ्यावर टाकले आणि पेंटरकडून दारावर लिहून घेतलं, 'स्थानिक इतिहास व वंशावळ विभाग'. पाटी झकास झाली. कपाटात मात्र डांबरगोळ्यांची एक पुडी सोडून काही नव्हतं. मग मी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आवाहन टाकलं की ग्रामस्थांनी आपापल्या घराण्याची वंशावळ वाचनालयात आणून द्यावी. त्याला चौदा अंगठे आले, तीन गुलाबाची फुलं आली आणि एकानं गुळाच्या काकवीची जाहिरात टाकली.

पहिले प्रत्यक्ष आले ते कोंडीबा. कोंडीबा आमचे सर्वांत नेमाचे वाचक. रोज सकाळी आठला येतात, चारही वर्तमानपत्रं शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचतात आणि मग इतरांना सल्ले देतात. त्यांच्या घराचा धंदा पिढ्यानपिढ्या मेंढरांचा. मुलांनी आता द्राक्षबाग केली असली तरी म्हाताऱ्यानं वीसेक मेंढरं अजून सोडलेली नाहीत.

"आवं नाना, माझ्या आज्ज्याच्या मागचं मला कोण ठावं न्हाई," ते म्हणाले. "पर मेंढरांची सांगतो. सात पिढ्या."

"कोंडीबा, माणसांची पाहिजे."

"माणसाचं काय घिऊन बसलाय? माणूस खोटं सांगतंय. मेंढराला खोटं सांगून काय मिळायचंय?"

मी काही बोलायच्या आत प्रियदर्शनीबाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. दोन तास बसून त्यांनी कोंडीबांच्या एका काळ्या मेंढीपासून आजच्या कोकरापर्यंतची सात पिढ्यांची नोंद लिहून घेतली आणि दाखल रजिस्टरात तिला क्रमांक दिला, अकरा हजार चारशे ऐंशी. वाचनालयात आलेल्या प्रत्येक चीजवस्तूला या रजिस्टरात क्रमांक पडतो. एकदा पडला की ती वस्तू वाचनालयाची झाली, मग कार्यवाहाच्या मनात येवो न येवो. हा नियम मीच बाईंना अकरा वर्षांपूर्वी मोठ्या रुबाबात समजावून दिला होता.

मग आला बाळासो.

बाळासो खराडे माझा चुलत भाऊ, पाच पिढ्यांमागचा. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा, आणि आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. ती कुणाची, हा विषय आम्ही सणासुदीला काढत नाही. पण खरा विषय भिंतीचा नव्हेच. आमच्या गावात चैत्रात सिद्धनाथाची यात्रा भरते. देवाची पालखी चावडीवरून देवळात जाते, तेव्हा पुढच्या दांड्याला खांदा द्यायचा मान खराड्यांच्या थोरल्या पातीचा आणि मागच्या दांड्याला धाकट्या पातीचा. थोरल्या भावाचा वंश ती थोरली पाती, म्हणजे आम्ही. वडील गेल्यापासून सत्तावीस वर्षं पुढचा दांडा माझ्या खांद्यावर आहे आणि मागचा बाळासोच्या. बाळासो नोकरीत होता तेव्हा कुठल्या कुठल्या सरहद्दीवरून रजा काढून यायचा, तो मागच्या दांड्यासाठी. मी दर वर्षी यात्रेनंतर आठ दिवस खांद्याला तेल चोळत कुरकुरतो. पण खरं सांगायचं तर सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर शिक्के मारलेल्या माझ्यासारख्या माणसाला अख्खं गाव वर्षातून एकदा बघतं, ते त्या दांड्यामुळे. तेवढंच माझं आहे.

बाळासोनं वंशावळ आणली होती ती फ्लेक्सवर. पाच फूट लांब, खाली त्याचा गणवेशातला फोटो, मध्ये वडाचं झाड आणि शेंड्याला आमचा मूळपुरुष बहिर्जी खराडे. बहिर्जीला दोन फांद्या फुटलेल्या. एकीवर लिहिलं होतं 'सुभानजी, थोरले' आणि दुसरीवर 'राणोजी, धाकटे'. सुभानजी त्याचा पूर्वज. राणोजी माझा.

"हे धाकटे कुणी लिवलं?" मी विचारलं.

"मी. माझा आज्जा सांगायचा."

"आज्जा सांगायचा, त्याला पुरावा म्हणत न्हाईत."

"मग तुज्याकडं काय पुरावा हाय?"

"माझा खांदा!" मी म्हणालो. उत्तर जोरदार होतं, पण कोंडीबांनी वर्तमानपत्राआडून "खांद्यावर काय लिवलंय का?" असं विचारून त्याची हवा काढली.

"बघ नाना," बाळासो शांतपणे म्हणाला, "मला भांडान न्हाई करायचं. खरं काय हाय ते एकदा निघू दे, बस. हुकूम आला की आपण सॅल्यूट मारणार." आणि फ्लेक्स गुंडाळी करून बाईंच्या टेबलावर ठेवून गेला. बाईंनी क्रमांक दिला, अकरा हजार चारशे एक्क्याऐंशी.

संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. ज्यांना स्वतःच्या पणजोबाचं नाव सांगता येत नव्हतं तेही माझ्या खापरपणजोबाचं वय सांगू लागले. आमच्या मंडळींनी तर जेवताना विचारलं, "वाचनालयात गोष्टीची पुस्तकं ठेवायची सोडून या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितल्या होत्या?" मी पापड मोडला.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी पुरावा आणायला निघालो. साताऱ्याच्या एका कचेरीत सांगितलं, "तुमचं गाव सांगली जिल्ह्यात, इथं कसं सापडेल?" सांगलीच्या एका कचेरीत सांगितलं, "एवढे जुने कागद साताऱ्याला. तेव्हा सांगली जिल्हा होता कुठं?" दोघांचंही बरोबर होतं, ही त्यातली वाईट गोष्ट. तीन आठवड्यांत मी सात फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीत अर्जाचा नमुना वेगळा निघे. आयुष्यभर मी टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना "उद्या या" म्हटलं होतं. या बाजूची खुर्ची इतकी डुगडुगते हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी एक कागद मिळाला, मोडीतला, शिक्क्यासह. तो वाचायला मोडी जाणणारे गृहस्थ गाठले तर त्यांच्याकडे सव्वाशे लोकांची रांग होती. सध्या सगळा महाराष्ट्रच आपला पणजोबा शोधतोय. नंबर लागल्यावर त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला आणि म्हणाले, "शेळ्यांची यादी आहे. अकरा शेळ्या, दोन बोकड. आणि गाव तुमचं नाही, शेजारचं."

तोही कागद बाईंनी मागून घेतला. अकरा हजार चारशे ब्याऐंशी. आमच्या इतिहास विभागात आतापर्यंत माणसांपेक्षा शेळ्यामेंढ्या जास्त झाल्या होत्या.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मान दुखावलेला माणूस थांबत नाही. रविवारी वाचनालयात वीसपंचवीस जण जमलेले पाहून मी उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "सरकारी कागद राहू द्या. हेळव्याला बोलावतो. हेळव्याची वही म्हणेल ते मला कबूल. वही म्हणाली आम्ही धाकटे, तर येत्या यात्रेला पुढचा दांडा बाळासोचा."

टाळ्या पडल्या. बाळासोनं टाळी वाजवली नाही.

हेळवी आमच्या भागात अजून येतात. घराण्यांच्या वंशावळी सांभाळायच्या हाच त्यांचा पिढीजात धंदा. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटरसायकलवर येतात. तीनचार वर्षांनी एकदा दारात उभं राहून कुळातली नावं म्हणायची, नवी जन्मलेली पोरं वहीत चढवायची आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जायचं. आमच्या दारातही येत. मी नोकरीवर असे, मंडळी पायलीभर जोंधळा घालून त्यांना वाटेला लावत. गावात त्यांना धान्य सगळे देत होते, ऐकत कुणीच नव्हतं. आमच्या कुळाचे हेळवी सिद्धू अण्णा, सीमेपलीकडच्या एका खेड्यातले. त्यांना मी फोन केला आणि मुद्दाम बजावून सांगितलं की फिरतीवरची नको, घरातल्या पेटीतली जुनी वही आणा. हे मुद्दाम सांगणारा मीच, याची नोंद असावी.

यात्रेला नऊ दिवस उरले असताना सिद्धू अण्णा आले. दुपारची वेळ होती, वाचनालयात मी आणि प्रियदर्शनीबाई दोघंच होतो. अण्णांनी लाल फडक्यातून वही काढली, कपाळाला लावली आणि डोळे मिटून सुरू केलं, "हिवरखडी गाव, खराडे कूळ, मूळपुरुष बहिर्जी. बहिर्जीस पुत्र दोन. थोरला सुभानजी, धाकटा राणोजी..."

"थांबा, थांबा," मी म्हणालो. "परत वाचा. डोळे उघडून वाचा."

"मी वाचत न्हाई री नाना, मला पाठ हाय. वही नुसती धरलीया."

त्यांनी पान उघडून बाईंपुढे ठेवलं आणि बोट फिरवत एकेक अक्षर सांगितलं. थोरला सुभानजीच निघाला. मी म्हणालो, मग पुढचा दांडा आमच्याकडे कसा आला? अण्णांनी दोन पानं उलटली.

"हे बघा री. शके अठराशे सहा, चैत्र मास. सुभानजीचा खांदा बैलानं दुखावला. देवाच्या पालखीस राणोजीनं यंदापुरता पुढचा दांडा धरला. आनंद जाहला. हेळव्यास एक खोंड दिला."

"दांड्याचं तुमच्या वहीत काय काम?" मी चिडून विचारलं.

"दांड्याचं न्हाई री. खोंडाचं लिवलंय. कुणी काय दिलं ते आमी लिवतो."

म्हणजे माझ्या खापरपणजोबानं एका वर्षापुरता उसना मान घेतला, त्याचा आनंद पोटात मावेना म्हणून हेळव्याला खोंड दिला, आणि त्या खोंडापायी पुरावा राहिला. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. मीही जिन्यात साहेबांपुढे गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. आमच्या घराण्याची एवढी खूण मात्र अगदी शुद्ध उतरली आहे.

वही अण्णांनी दिली नाही. "वही दिली तर पोट दिलं री," म्हणाले. पण बाईंनी दोन्ही पानं उतरवून घेतली, खाली अण्णांची सही घेतली आणि मी पाण्याचा ग्लास संपवेपर्यंत क्रमांक टाकला. अकरा हजार चारशे त्र्याऐंशी.

अण्णा गेल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, एखादी नोंद रजिस्टरातून कमी करायची असेल तर?"

"फाटली असली, हरवली असली, वाळवी लागली असली तर समितीचा ठराव करून करता येते," बाई म्हणाल्या.

मी कपाटात डोकावलो. वाळवी कुठेच नव्हती. डांबरगोळ्या मीच आणल्या होत्या. बाई चष्मा पुसू लागल्या. मग म्हणाल्या, "नाना, मी कुणाला सांगणार नाही. पण कुणी मागितलं तर दाखवणार. वाचनालय आहे."

मी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. पुढचे चार दिवस मी वाचनालयाकडे फिरकलो नाही. गावाला सांगितलं, हेळव्याला ताप आलाय. रात्री झोप नाही, जेवण गोड लागेना. मंडळींना शेवटी सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "लपवून तुमचा खांदा दुखायचा थांबणार आहे का?" चाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला एकदाही सोयीचा सल्ला दिलेला नाही.

पाचव्या दिवशी भिंतीपलीकडून बाळासोनं हाक मारली. तो पायऱ्यांवर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होता.

"मिरजंला जाऊन आलो नाना. डाक्टर म्हणतोय गुडघा बदलायचा. यात्रा झाली की लगीच. त्याच्यानंतर वजान उचलायचं न्हाई, कायमचं." त्यानं पट्टा आवळला. "म्हंजे मागचा दांडा यंदा शेवटचा. तुला सांगून ठिवतो. पुढल्या साली माझ्या जागंला कुणाला तरी बघाय पायजे."

तो हेळव्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. हेळव्याला ताप आल्याचं मी पसरवलं होतं आणि बाळासोनं ते खरं मानलं होतं. सैन्यातला माणूस, सांगितलेलं खरं धरणारा. मला स्वतःची एवढी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी घरात गेलो, किल्ली घेतली, वाचनालयात जाऊन कपाट उघडलं आणि तो कागद आणून त्याच्या हातात दिला.

त्यानं तो दोनदा वाचला. "यंदापुरता?" त्यानं विचारलं.

"यंदापुरता."

"एकशेचाळीस वर्सं?"

"आरं, देतोय न्हवं परत!" मी ओरडलो. मला वाटलं तो हसेल, नाहीतर भांडेल. त्यानं कागदाची नीट घडी घातली, मला परत दिला आणि म्हणाला, "बाईस्नी दे. वाचनालयाचा हाय."

यात्रेच्या दिवशी बाळासो पांढरा फेटा बांधून पुढच्या दांड्याखाली उभा राहिला. मी मागे. कोंडीबांनी आपण आधीपासून हेच सांगत होतो असं चारचौघांना सांगितलं. पालखी उचलली, सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं झालं आणि गुलाल उधळला. तेव्हा मला कळलं की पुढं उधळलेला गुलाल मागच्याच्या तोंडावर येतो. डोळ्यांत, नाकात, दातांत गुलाल. दिसत काही नव्हतं, दिसत होती फक्त बाळासोची पाठ. सत्तावीस वर्षं या माणसानं माझी पाठ बघितली होती आणि घरी जाऊन डोळे धुतले होते. मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

निम्म्या वाटेवर, पाराजवळ, पालखी थांबली. बाळासोचा गुडघा लटपटत होता. त्याच्या सदऱ्यातून घाम निथळत होता. तो मान वळवून म्हणाला, "नाना, म्होरं ये. पाय चालंना. तू धर, यंदापुरता."

गर्दीच्या कडेला प्रियदर्शनीबाईंनी पिशवीतून वही काढलेली मी पाहिली. माझा एक पाय पुढे पडला होता, हे मी कबूल करतो. देव साक्षीला होता, सगळं गाव साक्षीला होतं, आणि यावेळी मागणारा मी नव्हतो.

"न्हाई गड्या," मी म्हणालो. "आमच्या माणसानं एकदा धरला, त्यो सोडवाय एवढी वर्सं लागली. तूच चल. हळूहळू चल. कुणाला घाई हाय?"

घाई सगळ्या गावाला होती. दहा पावलं चालायचं आणि थांबायचं, असं करत एरवी तासाभरात पोचणारी पालखी साडेतीन तासांनी देवळात पोचली. नैवेद्य वाळला, वाजंत्र्यांनी दोनदा चहा मागितला, आणि लोकांनी थोरल्या व धाकट्या पातीचा अगदी सारखाच उद्धार केला. बाईंनी दुसऱ्या दिवशी हे सगळं लिहून विभागात दाखल केलं. उशिराचं कारण तेवढं लिहू नका, असं मी म्हणालो होतो. त्यांनी लिहिलं.

पालखी टेकवली तेव्हा बाळासो देवळाच्या पायरीवर मटकन बसला. पाय पसरले, फेटा काढला. त्याच्या तोंडावर गुलालाचा एक कण नव्हता. माझ्याकडे बघून तो लहान पोरासारखा हसला.

"नाना, म्होरनं पार चावडीपास्नं देवळाचा कळस दिसतो रं."

"दिसतो," मी म्हणालो, आणि डोळे धुवायला नळाकडे गेलो.